नियम पाच गुंठ्यांना, ऊन दीड गुंठ्यालाही

पत्र थोडक्यात: लातूर शहराच्या कडेला दीड गुंठ्याच्या प्लॉटवर एका वाचक भगिनीचं घर उभं राहतंय. त्या शिक्षिका आहेत, यजमानांचं औषधांचं दुकान आहे. सासू-सासरे, धाकटे दीर आणि मुलगी धरून घरात सहा माणसं. जोतं झालंय, कॉलम उभे आहेत, महिन्याभरात पहिला स्लॅब पडेल, वर आणखी एक मजला येईल. सगळा हिशेब करून अडीच लाख रुपये असे उरतात, ज्यांचं काय करायचं ते ठरत नाहीये. दीरांना ते दर्शनी भागावर घालायचे आहेत. रस्ता पश्चिमेला आहे, तिकडे दोन मजली उंच काच आणि शेजारी दगडी क्लॅडिंग हवंय. वरची पश्चिमेची खोली त्यांचीच असणार आहे. ताईंना पावसाचं पाणी साठवायचंय, छताची उष्णता रोखायची आहे आणि सोलर बसवायचंय. इंजिनिअर म्हणतात, "मॅडम, हे नियम मोठ्या प्लॉटला असतात. तुम्हाला यातलं काहीच बंधनकारक नाही, उगाच खर्चात कशाला पडता?" सासऱ्यांचं औसा तालुक्यातलं माळवदाचं (मातीच्या जाड छताचं) घर १९९३ च्या भूकंपात पडलं. स्लॅबवर जास्तीचं काही चढवायचं म्हटलं की ते उठून जातात. यजमान म्हणतात, तुम्ही काय ते ठरवा. ताई विचारतात: सरकारलाच जिथे गरज वाटत नाही तिथे मी हट्ट धरणं हा अतिशहाणपणा आहे का? आणि एवढ्या पैशात सोलर आणि पाणी दोन्ही बसत नसेल तर मी काय निवडू?

ताई,

इंजिनिअर खोटं बोलत नाहीयेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला, लातूर महापालिकेलाही, एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बांधकामाच्या धंद्यातले लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. पावसाच्या पाण्याची व्यवस्था तिने सक्तीची केली आहे ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर, म्हणजे जवळपास पाच गुंठ्यांपासून पुढे. सोलर वॉटर हीटर किंवा छतावरचं सौर पॅनल सक्तीचं आहे ते ४००० चौरस मीटरपासून, म्हणजे एकराच्या आसपास जागा असेल तेव्हा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती, छत आणि खिडक्यांमधून घरात किती उष्णता शिरू द्यायची याची मर्यादा तिच्यात आहे, पण तीही ५०० चौरस मीटरचा प्लॉट डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलेली होती. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही कक्षेत आल्या, पण त्या किमान १०० किलोवॅट जोडभाराच्या (सगळी उपकरणं मिळून लागणारी वीज). तुमच्या घराचा जोडभार पाच-सात किलोवॅट भरेल. तेव्हा तुम्ही यातलं काहीही केलं नाही तरी परवानगी मिळेल, भोगवटा प्रमाणपत्रही मिळेल.

"सरकारलाच गरज वाटत नाही" हे मात्र मला पटत नाही. पाच गुंठ्यांचा आकडा मला तपासणीच्या सोयीचा वाटतो. लहानसहान घराच्या गच्चीवर जाऊन पन्हळ कुठे सोडलीय ते बघायला कुठल्याच महापालिकेकडे माणसं नाहीत, म्हणून रेघ कुठेतरी ओढावी लागते. आणि रेघेच्या पलीकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. पावसाच्या पाण्याची व्यवस्था चालू ठेवली नाही तर वर्षाला दर १०० चौरस मीटर बांधकामामागे १००० रुपयांपर्यंत आकारणी करायची तरतूद नियमावलीत आहे. एवढ्या रकमेला कोण घाबरणार? शोषखड्ड्यावर फरशी टाकून दुचाक्या लावलेल्या सोसायट्या तुम्हीही पाहिल्या असतील. नियम बसला म्हणजे काम झालं असं नसतं, तसं नियम बसत नाही म्हणजे काम नको असंही नसतं.

लातूरकरांना तर हे सांगायची पाळी येऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. तुमच्या घराचं छप्पर हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर धरलं आणि वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला (एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो), तर उडालेलं, सांडलेलं वजा जाता पंचावन्न हजार लिटर हाती लागतं. त्या पहिल्या गाडीभर पाणी म्हणजे तुमच्यासारखी नऊ छपरं आणि एक बरा पावसाळा. तहान भागायला गाडीला पुढे कितीतरी खेपा कराव्या लागल्या, हेही खरं. छपरांनी सगळा प्रश्न मिटला असता असं मी म्हणत नाही. वीज आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंही आपल्या भागात समजून चालत नाही. २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं ते पाणी नव्हतं म्हणून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सोलर की पाणी. तो असा मांडू नका. अडीच लाखांची वाटणी कुठली वस्तू चांगली यावरून करू नका, कुठलं काम पुढे करता येणार नाही यावरून करा. सोलर पॅनल दोन वर्षांनी बसवता येतं. पंखे बदलता येतात, नळ बदलता येतात. खिडकी सरकवता येत नाही, स्लॅबमध्ये न टाकलेली नळी टाकता येत नाही, संडासाची आणि न्हाणीची एकत्र केलेली लाइन फरशी फोडल्याशिवाय वेगळी होत नाही. हौद दहा हजार लिटरचा केला तर तो पंधरा हजार लिटरचा होत नाही. तुमच्याकडे पैसे कमी आहेत त्याहून वेळ कमी आहे, कारण स्लॅब महिन्यावर आलाय.

या कसोटीवर सगळ्यात आधी येते ती दीरांची काच.

लातूर साडेअठरा अंश अक्षांशाच्या जरा खाली आहे. मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या वेळी सगळा मारा छतावर. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसं ऊन लागत नाही, आणि हिवाळ्यात लागतं ते हवंसंच असतं. तिथे दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं तसं नाही. तीननंतर सूर्य खाली येतो, किरण आडवे शिरतात आणि छज्ज्याखालून सरळ पलंगावर पडतात. काच एकदा त्यांना आत घेते, मग आतली तापलेली भिंत आणि फरशी जी उष्णता सोडतात ती काचेतून तशी बाहेर जात नाही. दोन मजली काच पश्चिमेला लावायची, त्या मागच्या खोलीत राहायचं आणि डोक्यावर उघडा स्लॅब, म्हणजे दीर स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी भट्टी बांधून घेतायत. मग एसी येणार, त्याचं बिल येणार, काचेवर जाड पडदे येणार, आणि पडद्यामागची काच रस्त्यावरून दिसणारही नाही.

हे त्यांना नियम दाखवून सांगू नका. कॉलेजला असलेल्या किंवा नुकतं कमवायला लागलेल्या मुलाला घराचं तोंड चांगलं दिसावं असं वाटण्यात गैर काय आहे? उद्या त्यांच्या लग्नाची बोलणी याच घरात होतील. त्यांना एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी चार वाजता अशाच पश्चिमेच्या काचेच्या घरात, ओळखीच्या कुणाकडे, चहाला घेऊन जा. वाद घालायची गरज पडणार नाही. आणि दर्शनी भाग सोडून द्या असंही म्हणू नका. तोच सावली देईल असा करा. पश्चिमेला चार-पाच फूट खोल गॅलरी, तिच्यापुढे भाजलेल्या विटांची किंवा सिमेंटची जाळी, किंवा उभ्या पट्ट्या. आडवं ऊन अडवायला आडव्या छज्ज्यापेक्षा उभा आडोसा कामाचा. जाळीतून वारा येतो, दिवे लागले की रात्री रस्त्यावरून ती काचेपेक्षा देखणी दिसते, आणि दीरांना फोटोत जे हवंय ते मिळतं. जिना पश्चिमेला घेता येत असेल तर तोही तिथेच जाऊ द्या. जिन्यात कुणी झोपत नाही. हे सगळं काचेपेक्षा महाग पडू नये. पण दोन्हींचे दर इंजिनिअरकडून सुटे सुटे लिहून घ्या, "इलेव्हेशन एकरकमी" असा कागद घेऊ नका.

छताकडे येते, कारण पत्रात मला सगळ्यात जास्त बोललं ते तुमच्या सासऱ्यांचं उठून जाणं.

माळवदाचं घर थंड होतं यात शंकाच नाही. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, लाकडावर फूट-दीड फूट मातीचा थर. दिवसाचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. छताच्या एका चौरस मीटरवर पाचशे किलो माती असेल तर काय होणार? त्यानंतर आपल्याकडे माणसांनी माळवद सोडलं, स्लॅब धरला, आणि बरोबरच केलं. स्लॅबच्या घरात फक्त एक वजाबाकी कुणी सांगितली नाही: माती गेली तेव्हा तिचं वजन गेलं, तसा तिचा गारवाही गेला. सहा इंची उघड्या स्लॅबमधून उष्णता शिरण्याचा जो आकडा मोजतात (यू-व्हॅल्यू, जितकी कमी तितकं बरं), तो तीनच्या बराच वर असतो. इको निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे आपण ज्या स्लॅबखाली झोपतो तो मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो, आणि दिवसभर साठवलेली रात्री अकरानंतरही खाली टाकत राहतो. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर.

सासऱ्यांना वाटतंय की सून पुन्हा डोक्यावर ओझं चढवतेय. त्यांना हे सांगा, आणि जमलं तर तुकडा हातात द्या: एक्सपीएस नावाची फोमची कडक शीट मिळते. एक इंच जाडीची चौरस मीटरभर शीट एक किलोचीही भरत नाही. वरच्या मजल्याचा शेवटचा स्लॅब झाला, उतार आणि वॉटरप्रूफिंग झालं, की ही शीट अंथरायची, तिच्यावर जाळी घालून पातळ काँक्रीट आणि वर पांढरी चायना मोझॅक. एवढ्याने तो तीनच्या वरचा आकडा एकच्या खाली येतो. आणि आपल्याकडे सर्रास टाकतात त्या चार-पाच इंची विटांच्या कोब्यापेक्षा या सगळ्या थरांचं वजन मिळून कमी भरतं. स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्याला हा भार आधी कळवा, सासऱ्यांच्या समोरच कळवा. त्यांच्या भीतीला उत्तर द्यायचं असेल तर ते आकड्याने आणि त्यांच्या देखत दिलेलं बरं. शिवाय खरी काळजी त्यांनी करावी ती रिंगा जवळजवळ आहेत का, कॉलम आणि बीमच्या सांध्यात सळई नीट वळवलीय का, स्लॅबवर एकवीस दिवस पाणी राहतंय का, याची. निवृत्त माणसाच्या नजरेखाली ही कामं फार चांगली होतात.

हेही पैशात बसलं नाही तर निदान पांढरा उष्णतारोधी रंग. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र 'कूल रूफ' धोरणच केलं. रंग स्वस्त आहे, पण धुळीने मळतो, दर उन्हाळ्याआधी धुवावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. गच्ची तेवढी स्वच्छ तुम्ही ठेवणार असाल तर ठीक. नाहीतर मोझॅकच.

खिडक्यांचं काम अजून हातात आहे, भिंती व्हायच्यात. संहितेतला एक साधा नियम तुम्हाला लागू नसला तरी उचला: उष्ण-कोरड्या हवामानात मजल्याच्या क्षेत्रफळाच्या किमान दहा टक्के एवढी उघडणारी खिडकी हवी. 'उघडणारी' हा त्यातला कळीचा भाग. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट उघडी खिडकी लागते. चार बाय चारची खिडकी सोळा चौरस फूट दिसते, पण दोन पट्ट्यांची सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे आठ. पूर्ण उघडणारी झडपांची घेतलीत तर तीच खिडकी पुरून उरते. समोरासमोरच्या भिंतीत एकेक उघडी जागा हवी, नाहीतर वारा आत येऊन करणार काय? आणि जुन्या घरांत छताजवळ झरोके असत, ते आता पीओपीच्या खाली गाडले जातात; गरम हवा वर चढते, तिला तिथूनच जाऊ द्या. भिंतींबद्दल फार लिहीत नाही. लाल वीट नऊ इंची असेल तर चालेल. पश्चिमेच्या भिंतीला एएसी ब्लॉक (सच्छिद्र सिमेंटचे) परवडले तर घ्या, हलके आहेत आणि उष्णताही कमी घेतात, फक्त गवंड्याला त्यांची सवय हवी, नाहीतर प्लॅस्टरला भेगा पडतात.

आता पाणी. इथे तुमच्या अपेक्षेला थोडा लगाम घालावा लागेल. पावसाचं पाणी साठवलं की एप्रिल-मेमध्ये टँकर लागणार नाही, असं तुम्ही धरून चाललाय. पाऊस जून ते ऑक्टोबर. सहा माणसं काटकसरीने दिवसाला सहाशे लिटर वापरतील. दहा हजारांचा हौद भरला की सोळा-सतरा दिवस. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात झाला तर ते पाणी दिवाळीपर्यंत पुरेल, मेपर्यंत नाही. मग करायचं कशाला? एक तर पावसाळाभर तो हौद पुन्हा पुन्हा भरतो आणि तेवढ्या काळात बोअरची मोटर बरीच कमी चालवावी लागते. दुसरं म्हणजे जास्तीचं पाणी जमिनीत जातं. आपल्याखाली बेसाल्ट आहे. पाणी मिळतं ते कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तुम्ही मुरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला लागेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. शेजाऱ्याला लागेल. शेजाऱ्यानेही मुरवलं तर तुम्हाला लागेल. दुष्काळी वर्षी पाऊस निम्म्यावर आला तर हा सगळा हिशेबही निम्म्यावर येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. गच्चीचं पाणी दोनच पन्हळींतून उतरवा, चार कोपऱ्यांत चार नको. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला खाली वेगळी चावी. मग वाळू, खडी, कोळशाचा गाळणखड्डा आणि त्यातून हौदात. हौद ओसंडला की पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. सरळ बोअरच्या केसिंगमध्ये पाइप सोडून देणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका; एकदा गाळ किंवा घाण आत गेली की बोअर तर बिघडतोच, शेजारचेही बिघडतात. शोषखड्डा सेप्टिक टँकपासून लांब, आणि तुमच्या प्लॉटवर तेवढी लांबी मिळत नसेल तर शोषखड्डा सोडा आणि हौदच मोठा करा. सासूबाईंना मोठा हौद हवाच असतो, या बाबतीत घरात तुम्हाला एक मत पक्कं आहे असं समजा.

याहून महत्त्वाचं, आणि स्वस्त, काम नळ्यांचं आहे. माणशी दिवसाला १३५ लिटरचं जे जुनं सरकारी मानक आहे, त्यातले ४५ लिटर नुसते संडासात फ्लशला धरलेले असतात. सहा माणसांचे झाले दोनशे सत्तर. पिण्याजोगं पाणी एवढं वाहून घालवायचं, तेही लातुरात! तीन आणि सहा लिटरचा दुहेरी फ्लश घ्या. गच्चीवर दोन टाक्या ठेवा, एक स्वयंपाक आणि आंघोळीची, एक फ्लशची, आणि त्यांच्या नळ्या आत्ताच वेगळ्या टाका. आज दोन्हींत एकच पाणी भरलं तरी चालेल. न्हाणीचं आणि कपडे धुण्याचं सांडपाणी संडासाच्या लाइनला जोडू नका, बाहेर वेगळ्या चेंबरमध्ये आणा. तिथून ते मागच्या दारच्या केळीला, कर्दळीला, अळवाला द्या. सासूबाईंना हे शिकवावं लागणार नाही. भांड्यांचं तेलकट पाणी मात्र त्यात घेऊ नका, वास मारतं.

सोलर आज नको. ही तुम्हाला आवडणारी गोष्ट मीच पुढे ढकलतेय. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो आणि साधारण शंभर चौरस फूट जागा खातो. सध्याच्या घराचं वर्षभराचं बिल काढून बघा. महिना दोन-सव्वादोनशे युनिट असेल तर दोन किलोवॅट पुरतील. पण अर्ज करताना वीजजोडणी तुमच्या नावावर हवी, म्हणजे तसंही घर झाल्यावरच. शिवाय घर आधी थंड झालं, पंखे पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लागले, तर पॅनलही लहान लागेल. आत्ता फक्त एवढं करा: गच्चीपासून मीटरपर्यंत वायरसाठी एक रिकामी नळी, वेगळ्या अर्थिंगची सोय, आणि पाण्याच्या टाक्या व जिन्याची टोपी गच्चीच्या उत्तरेकडे, म्हणजे दक्षिणेकडचा भाग सावलीविना मोकळा राहील. सोलर वॉटर हीटर घ्यायचा असेल तर गरम पाण्याची वेगळी नळी आत्ताच टाका. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, नळ्यांत खपली धरते, तेव्हा घेताना क्षाराच्या पाण्याला चालणारा बघा.

तर अडीच लाख आधी नळ्या आणि चेंबर, मग हौद आणि गाळणखड्डा, मग छताची शीट, यांच्यावर जाऊ द्या. उरेल त्यात दीरांची जाळी. ती आधीच दर्शनी भागाच्या खर्चात धरलेली असेल तर वेगळे पैसे फारसे लागणारही नाहीत.

पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. तुम्ही फ्लॅट घेत असाल आणि प्लॉट पाच गुंठ्यांहून मोठा असेल तर पावसाच्या पाण्याचा नियम तुमच्या बिल्डरला लागू आहे, आणि विचारायचा हक्क तुमचा आहे. पावसाचं पाणी कुठे मुरतं ते प्रत्यक्ष दाखवा म्हणा. प्लॉट एकरभर असेल तर सौर यंत्रणा किती इमारतींवर आहे ते विचारा. 'ग्रीन बिल्डिंग' असं जाहिरातीत असेल तर मानांकनाचं प्रमाणपत्र मागा, कारण त्या मानांकनावर बिल्डरला दर्जाप्रमाणे तीन, पाच किंवा सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळू शकतं. त्याला फायदा झाला असेल तर तुमच्या वीजबिलात तो कुठे दिसतो हे विचारायला लाजू नका. गावाकडे पत्र्याचं घर बांधणाऱ्यांनी फोमच्या शीटचा मुद्दा दुप्पट लक्षात घ्यावा, पत्रा स्लॅबपेक्षा लवकर तापतो.

राहता राहिला अतिशहाणपणा. ताई, पत्रात तुम्ही "घरचे सगळे विरोधात आहेत" असं लिहिलंय. मी तुमचं पत्र दोनदा वाचलं, मला विरोधात कुणीच दिसलं नाही. सासरे घाबरलेले आहेत, दीर हौशी आहेत, यजमान दुकानातून थकून येतात आणि भांडण टाळतात, इंजिनिअरला आणखी एक नकाशा काढायचा कंटाळा आलाय. तुम्ही प्रत्येकाला एकच भाषण दिलंत, पर्यावरणाचं. सासऱ्यांशी वजनाचं बोला, दीरांशी त्यांच्या खोलीचं, यजमानांशी बिलाचं. इंजिनिअरला बदलांचे दोन तासांचे जास्तीचे पैसे देऊ करा, ते हसून काम करतील. "बंधनकारक नाही" असं ते पुन्हा म्हणाले तर म्हणा, देवघरही बंधनकारक नाही, तेही काढलंच आहे ना नकाशात.

या आठवड्यात त्यांच्याकडून एका कागदावर एवढंच लिहून घ्या: दोन टाक्यांच्या वेगळ्या नळ्या, न्हाणीची वेगळी लाइन, सोलरची रिकामी नळी, पन्हळींच्या जागा, पश्चिमेच्या खिडक्यांचं बदललेलं माप, हौदाचं नवं माप. आणि स्लॅब पडण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीला घेऊन सळईवर चढा, प्रत्येक नळीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. भिंतींचं प्लॅस्टर होण्याआधीही तसेच काढा.